गच्चीवरचा मोहितो: मोसंबी, लिंबू आणि पुदिना

(कॅमेरा गच्चीवर. समोर पाट, त्यावर साहित्य.)

बठ्ठासले राम राम!

दिवस मावळून तास झालाय, तरी आमच्या जळगावच्या गच्चीची फरशी अजून तळव्यांना चटका देतेय. दोन बादल्या पाणी मारलं तेव्हा कुठे बसण्यासारखी झाली. आज इथेच आपण मोहितो करणार आहोत. हे मूळचं क्युबातलं पेय: पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा. मी त्यात मोसंबी घालते, कारण ऐन उन्हाळ्यात लिंबाचा भाव कडाडतो आणि कापल्यावर रस म्हणावा तर चमचाभर. मोसंबीने रस वाढतो, आंबटपणाची धार मऊ होते आणि साखर कमी लागते.

आधी एक गोष्ट. महाराष्ट्रात रमसाठी वय २५ पूर्ण असावं लागतं आणि परवानाही लागतो. आणि भर दुपारी, उन्हातून आल्या आल्या हे पिऊ नका. दारूने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं. आधी माठातलं पाणी प्या, जेवणाआधी गच्चीवर बसाल तेव्हा हे.

आता पुदिना. सगळी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्या जिभेवर, त्वचेवर उष्ण आणि गार ओळखणारे वेगवेगळे दरवाजे असतात. उष्णतेचा दरवाजा साधारण ४३ अंशांच्या वर उघडतो. मिरचीतलं कॅप्सायसिन तोच दरवाजा उघडतं, म्हणून नंदुरबारची मिरची चावली की तोंड भाजल्यासारखं होतं, खरं तर भाजलेलं काहीच नसतं. गारव्याचा दरवाजा वेगळा, आणि पुदिन्यातलं मेंथॉल त्याला हात लावतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या शास्त्रज्ञांनी हे दरवाजे शोधले, २०२१चं वैद्यकातलं नोबेल त्यांना मिळालं. ज्युलियस यांनी उष्णतेचा दरवाजा मिरचीच्याच मदतीने शोधला, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. शेवभाजीवर वाढलेल्या माणसाला हे शास्त्र परकं कसं वाटेल?

भाजीबाजारातल्या साध्या पुदिन्यात मेंथॉल थोडंच असतं. पण बर्फाचा गारवा तोच दरवाजा उघडतो, आणि मेंथॉल सोबतीला असलं की आहे तोच बर्फ जास्त गार लागतो.

(पानं तळहातावर घेऊन.)

पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. त्यामुळे आठ-दहा पानं तळहातावर घ्यायची आणि दुसऱ्या हाताने एक टाळी. आला वास? ग्लासात टाकून लाकडी बत्त्याने दोन-तीनदा नुसतं दाबा. चटणीसारखं कुटलंत तर पानाचा हिरवा कडवटपणा उतरतो आणि तो मग साखरेने झाकला जात नाही. जाड देठ आधीच काढून टाका.

मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण चालतं. लिंबाचा रस २० मिली, मोसंबीचा ४०, साखरेचा पाक १५. पाक म्हणजे एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत गरम करून गार केलेलं. कोरडी साखर गार रसात लवकर विरघळत नाही, तळाशी खडखडत राहते. चिमटीभर मीठ घाला, त्याने कडवटपणा दबतो. लिंबाच्या सालीची एक पातळ पट्टी ग्लासावर पिळा. सालीतलं तेल वर उडतं आणि पहिल्या घोटाआधीच नाकाला लिंबू लागतं. पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू.

आता रम, ४५ मिली. अल्कोहोलने उष्णतेचा दरवाजा कमी तापमानालाच उघडू लागतो, म्हणून नुसती रम घशात जळते. रसाने आणि सोड्याने ती पातळ झाली की जळजळ जाते. याच कारणाने हिच्यासोबत ठेचा किंवा तिखट शेव नको. काकडीच्या चकत्या, भाजलेले शेंगदाणे ठेवा. ठेचा नंतर, भाकरीबरोबर.

बर्फ मोठा हवा. मी स्टीलच्या वाट्यांमध्ये लावते. मोठा खडा सावकाश वितळतो, पेय पाणचट होत नाही. शेवटी फ्रीजमधला गार सोडा, ग्लासाच्या कडेने. गार सोड्यात गॅस टिकतो. चमच्याने खालून वर एकदाच हलवा.

आमच्या घरी निम्मी माणसं घेत नाहीत. त्यांच्यासाठी रम सोडून बाकी सगळं तेच, फक्त मोसंबी ८० मिली आणि वर भिजवलेला सब्जा. त्यांनाही तसाच उंच ग्लास, तशीच सालीची पट्टी. मला तर माझ्या सासूबाईंचा तो ग्लासच जास्त देखणा वाटतो.

एक मात्र पाळा: मोसंबीचा रस दुपारी काढून ठेवू नका. सालीत, बियांत आणि पडद्यांत असलेलं एक चवहीन द्रव्य रसातल्या आंबटाशी मिळून हळूहळू लिमोनिन बनतं, आणि तासा-दोन तासांत रस कडू होतो. माणसं जाजमावर टेकली की मगच मोसंबी कापा. दुसऱ्या ग्लासाला पुदिना नवा घ्या, आणि मधे एक तांब्या पाणी फिरवा.