जीज बेंड : वाट्याची शेती आणि हिशेबाची वही

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात अलाबामा नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळते. त्या वळणाच्या कुशीत, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली ही जी जमीन दिसते, तिचे नाव जीज बेंड. नकाशात आता बॉयकिन असे लिहितात. ओठांवर मात्र जुनेच नाव आहे. इथल्या कितीतरी घरांचे आडनाव पेटवे आहे, आणि ते त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचे आडनाव आहे. 1845 मध्ये 29,000 डॉलरच्या कर्जाच्या फेडीत हा मळा ‘जी’ आडनावाच्या कुटुंबाकडून मार्क पेटवे याच्याकडे गेला आणि त्यानंतर वर्षभराने त्याने नॉर्थ कॅरोलायनातून सुमारे शंभर गुलामांना इथवर पायी चालवत आणले.

(नदीचे दृश्य. निवेदन थांबते.)

1865 मध्ये गुलामगिरी संपली, पण राबणाऱ्यांच्या नावावर जमीन झाली नाही. त्या वर्षीच्या जानेवारीत यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी अटलांटिक किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना, प्रत्येकी 40 एकरांपर्यंत, देण्याचा हुकूम काढला होता. वर्ष सरायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवला आणि त्यातली बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांच्या हवाली केली. काल ज्या शेतात गुलाम म्हणून राबले, त्याच शेतात आज वाट्याने राबायचे, एवढाच मार्ग दक्षिणेतल्या लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबांपुढे उरला.

या वाट्याच्या शेतीचा सांगाडा आपल्याकडच्या अर्धेलीसारखाच होता. जमीन, लाकडी खोपट, खेचर, नांगर आणि सरकी मालकाची. अंगमेहनत साऱ्या कुटुंबाची. आणि आलेला कापूस निम्मा निम्मा. खरी मेख होती ती मधल्या महिन्यांत. वसंतात पेरणी होई आणि पैसा हाती यायचा तो थंडीच्या तोंडावर. तोवर मक्याचे पीठ, काकवी, खारवलेले डुकराचे मांस, रॉकेल, कापड हे सारे मळ्याच्या दुकानातून किंवा गावच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर आणावे लागे. या उचलीला तिथले लोक ‘फर्निश’ म्हणत. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, त्यावर व्याज वेगळे, आणि तारण म्हणून जे पीक अजून उगवलेलेही नाही ते आधीच लिहून दिलेले. वही मालकाकडे किंवा व्यापाऱ्याकडे असे आणि कापूस मोजणारा काटाही त्यांचाच. हंगाम संपला की ‘सेटल’चा दिवस येई, मालक एक आकडा सांगे आणि वर्षभर राबलेले कुटुंब पुष्कळदा गेल्या वर्षीपेक्षा अधिक देणेकरी होऊन घरी परते. या माणसांना आळशी आणि उधळ्या म्हटले गेले. ज्याच्या हाती लेखणीच दिली नाही, त्याच्यावर हिशेबाचा ठपका ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो तसाच नोंदवला पाहिजे.

आकड्यावर शंका घेणे जिवावर बेतू शकत होते. 1919 च्या सप्टेंबरअखेरीस आर्कान्सामधल्या एलेन गावाजवळ वाटेकरी शेतकरी आपल्या कापसाचा योग्य हिशेब मागण्यासाठी एका चर्चमध्ये जमले. तिथे गोळीबार झाला आणि पुढच्या काही दिवसांत कृष्णवर्णीयांचे हत्याकांड घडले.

आता हे बोंड जवळून पाहा. उकललेल्या बोंडाच्या पाकळ्या वाळून काट्यासारख्या टोकदार होतात आणि भराभर वेचणाऱ्याच्या बोटांची टोके त्या सोलून काढतात. खांद्याला अडकवलेली लांब पिशवी सरीतून ओढत न्यायची, कमरेत वाकून, दिवस मावळेपर्यंत. त्या सऱ्यांमध्ये मुलेही होती.

1931 पर्यंत कापसाचा भाव पौंडाला 6 सेंटच्याही खाली आला होता. जीज बेंडच्या शेतकऱ्यांना उधार देणारा नदीपलीकडच्या कॅमडेनचा व्यापारी वारला आणि 1932 मध्ये त्याच्या विधवेने सारी बाकी एकदम मागितली. वसुलीला आलेल्या माणसांनी साठेक कुटुंबांकडची गुरे, खेचरे, कोंबड्या, नांगर, साठवलेला मका आणि रताळीसुद्धा उचलून नेली. तो हिवाळा लोकांनी रानातले मिळेल ते खाऊन आणि रेडक्रॉसच्या धान्यावर काढला.

ही कृष्णधवल छायाचित्रे आर्थर रोथस्टीन यांनी 1937 मध्ये सरकारी कामासाठी टिपली. ओंडक्यांचे घर, वारा अडवायला भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रे, बिनकाचेच्या खिडकीत एक मुलगी, आणि तिच्या शेजारीच, कागदावर, खाद्यपदार्थाच्या जाहिरातीतली हसरी गोरी बाई.

(छायाचित्र स्थिर. निवेदन नाही.)

त्याच सुमारास संघराज्य सरकारने इथली सुमारे 10,000 एकर जमीन विकत घेतली, घरे बांधली आणि 1940 च्या दशकात ती कमी व्याजाच्या कर्जावर इथल्याच कुटुंबांना विकली. या एका गोष्टीने काय फरक पडला, ते पुढे दिसले. 1965 मध्ये शेजारच्या लाउन्ड्स काउंटीत मतदार नोंदणी केलेल्या वाटेकऱ्यांना मालकांनी हुसकले आणि ती कुटुंबे महामार्गाकाठी तंबूंत राहिली. जीज बेंडच्या अनेकांना घराबाहेर काढणारा मालकच उरला नव्हता. तरीही नोंदणीसाठी नदी ओलांडून कॅमडेनला नेणारी त्यांची होडी 1962 मध्ये बंद झाली होती. ती पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडले. दरम्यान धरणाच्या पाण्याखाली बरीच सुपीक जमीन गेली. 1920 मध्ये अमेरिकेत सुमारे 9,25,000 कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते 50,000 हूनही कमी आहेत.

आणि या गोधड्या. उबेसाठी शिवलेल्या, पिठाच्या पोत्यांच्या आणि शेतात झिजलेल्या कपड्यांच्या. आता त्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. ही 1942 ची. पती वारल्यावर मिसूरी पेटवे यांनी त्याचे कामाचे शर्ट आणि विजारी उसवल्या आणि मुलीला हाताशी घेऊन ही शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्याच कपड्यांची ऊब अंगावर घ्यावी, म्हणून. कामाच्या कपड्यांच्या अशा गोधड्यांत कधी विटलेल्या निळ्या कापडावर एक गडद चौकोन राहिलेला दिसतो. तिथे खिसा होता.