घरकामाचा पगार आणि शर्ली चिझम

२५ जानेवारी १९७२. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं कॉन्कॉर्ड बॅप्टिस्ट चर्च. शर्ली चिझम अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहतायत. मी काळी आहे, त्याचा अभिमान आहे, पण नुसती काळ्यांची उमेदवार नाही. बाई आहे, पण नुसती बायकांचीही नाही, असं त्या ठणकावून सांगतात. डेमोक्रॅटिक पक्षाकडे ही उमेदवारी मागणारी ही पहिली काळी स्त्री.

चिझम यांची आई बार्बाडोसची. ती शिवणकाम करायची, लोकांच्या घरी राबायची. १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला, त्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळले गेले. दक्षिणेत ही कामं बहुतेक काळ्यांच्याच वाट्याला यायची. कायद्यात कुठेही वर्णाचा उल्लेख नाही, पण कुणाला वगळलं ते बघा!

चिझम यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. न्यूयॉर्कच्या विधिमंडळात असताना त्यांनी घरकामगारांना बेकारी विमा मिळवून दिला. १९६८ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर निवडून आल्या, तर त्यांना टाकलं शेतकी समितीवर. मतदारसंघ ब्रुकलिनचा, आणि काम खेड्यांचं नि जंगलांचं! त्या भांडल्या आणि समिती बदलून घेतली.

अध्यक्षपदाच्या प्रचारात पैसा नव्हता. काळे पुढारीही फारसे पाठीशी उभे राहिले नाहीत. त्यात मे महिन्यात वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते, अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळीबार झाला. वॉलेसही याच उमेदवारीच्या शर्यतीत होते. चिझम त्यांना भेटायला थेट हॉस्पिटलात गेल्या. ब्रुकलिनमधले समर्थक भडकले. भडकणारच.

जुलैमध्ये पक्षाच्या मायामी बीचच्या अधिवेशनात चिझम यांना प्रतिनिधींची १५२ मतं मिळाली. उमेदवारी गेली जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे.

घरकामगारांचा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. किमान वेतनाचं विधेयक काँग्रेसमध्ये आलं, तेव्हा दक्षिणेतल्या सदस्यांची मतं वळवायला वॉलेस यांनी मदत केली, असं चिझम पुढे सांगत. हॉस्पिटलातली ती भेट अशी कामी आली.

१९७४ मध्ये कायदा बदलला आणि घरकामगारांना किमान वेतन लागू झालं. पण एक पळवाट राहिलीच. म्हाताऱ्या माणसांना घरी सोबत करणाऱ्या, त्यांचं हवं-नको बघणाऱ्या कामगारांना त्यातून वगळलं होतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना या कायद्यात आणणारा नियम निघायला २०१३ साल उजाडलं. चिझम २००५ मध्येच गेल्या होत्या.