बर्फावरची निळी सावली

नमस्कार श्रोतेहो. आज एक चित्र तुम्हांला ऐकवायचं आहे. डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल.

फ्रान्सचा उत्तर किनारा, नॉर्मंडीतलं एत्रेता गाव. १८६८-६९ चा हिवाळा. रात्रभर बर्फ पडून गेलंय, सकाळचं ऊन आलंय. फांद्या विणून केलेलं कुंपण, त्यावर बर्फाचा जाड थर. डावीकडे लाकडी फाटक आणि फाटकावर एकटाच काळा-पांढरा मॅगपाय. हा कावळ्याच्या कुळातला, आपल्या टकाचोराचा चुलतभाऊच. माणूस कुठेच नाही. २८ वर्षांच्या क्लोद मोनेनं चित्राला नाव दिलं तेही त्या पक्ष्याचंच, 'ला पी'.

सूर्य चित्रात दिसत नाही. तो कुंपणापलीकडे आहे, म्हणून सावल्या थेट आपल्या पायाशी येतात. आणि त्या सावल्या निळ्या आहेत! काळ्या नाहीत, करड्या नाहीत. निळ्या, कुठे जांभळट. त्या काळी सावली म्हणजे राखाडी नाहीतर तपकिरी, हे चित्रशाळेत पक्कं ठरलेलं. मोनेनं मात्र बर्फाकडे नीट पाहिलं. सावलीत ऊन पोचत नाही, पण वरचं निळं आकाश पोचतं. त्याचाच उजेड तिथे साचतो. उन्हातला बर्फही त्यानं कोरा पांढरा ठेवला नाही. त्यात पिवळ्याची, गुलाबीची किंचित झाक आहे. त्या उबेशेजारी निळा आणखी गार वाटतो. हुडहुडी भरते ती इथे, रंगांच्या या शेजारामुळे.

तुम्हीही पाहा. गच्चीवर पांढरं धोतर वाळत असेल, तर भर उन्हात त्यावर पडलेली दोरीची सावली जवळून बघा. निळसर दिसेल.

१८६९ च्या सलोंच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाच्या, परीक्षकांनी हे चित्र नाकारलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. कुठे थिल्लरपणा नाही, की घाई नाही. ८९ बाय १३० सेंटीमीटरच्या कॅनव्हासवर बहुतेक सगळा पांढराच, आणि तरी दोन ठिकाणचा पांढरा सारखा नाही. असा क्षणाचा उजेड टिपणाऱ्या मोनेसारख्या चित्रकारांसाठी 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द रूढ व्हायला अजून पाच वर्षं होती.

आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. कधी छापील प्रत हाती आली, तर तो पक्षी अंगठ्याखाली झाका. उरेल नुसतं बर्फाळ शेत. मग अंगठा काढा. आता उडेल, असं वाटतं, आणि आपण श्वास रोखून धरतो.