टस्करोरांचं खरेदीखत

(पडद्यावर: सस्क्वेहाना नदीचं पात्र)

८ जून १७१०. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीतलं कोनेस्टोगा गाव. वसाहतीचे दोन प्रतिनिधी बसलेत आणि त्यांच्यासमोर टस्करोरांचे, म्हणजे उत्तर कॅरोलायनातल्या एका मूळ रहिवासी जमातीचे, आसरा मागायला आलेले दूत एकेक पट्टा मांडतायत. शंख-शिंपल्यांच्या पांढऱ्या आणि जांभळ्या मण्यांचे हे पट्टे म्हणजे वॅम्पम. कराराची बोलणी करायची तर पट्टा हवाच. त्याच्याशिवाय दिलेल्या शब्दाला इथे वजन नाही.

पट्टे आठ. पहिला म्हाताऱ्या बायकांचा आणि आयांचा: लाकूडफाटा आणि पाणी आणायला आम्हाला बिनघोर जाता यावं. दुसरा मुलांचा, जी जन्मली आहेत त्यांचा आणि जी अजून पोटात आहेत त्यांचाही: आम्हाला खेळता यावं, कुणी धरून नेऊन गुलाम करेल ही धास्ती नसावी. तिसरा तरुणांचा: शिकारीला गेलो तर जिवंत आणि मोकळे परत येऊ दे.

प्रतिनिधींनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आमच्याकडे राहायला यायचं तर आधी उत्तर कॅरोलायनाच्या सरकारकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणा. ज्यांच्या जाचामुळे हे लोक घरदार सोडायला निघाले होते, दाखला आणायचा तोही त्यांच्याकडूनच!

(पडद्यावर: उत्तर कॅरोलायना, न्यूस नदीचा काठ)

टस्करोरांचा मूळ मुलूख हा. न्यूस, टार-पॅम्लिको आणि रोआनोक या नद्यांचं खोरं. मका, घेवडा, भोपळ्याची शेती आणि हिवाळ्यात शिकार. जॉन लॉसन नावाच्या इंग्रज भूमापकाने १७०९ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यांची पंधरा गावं आणि बाराशे लढवय्ये नोंदवलेत. इथल्या मूळ रहिवाशांबद्दल त्याने हेही लिहून ठेवलंय, की आपण त्यांच्याशी वागतो त्यापेक्षा ते आपल्याशी कितीतरी चांगले वागतात.

लॉसनला कळत होतं, पण हात मोजणीच्या साखळीवरच होता. १७१० मध्ये स्विस सरदार क्रिस्टोफ फॉन ग्राफेनरीड याने स्विस आणि जर्मन कुटुंबं आणून न्यूस आणि ट्रेंट नद्यांच्या संगमावर न्यू बर्न वसवलं. जागा लॉसननेच दाखवली होती. तिथे आधीपासून मूळ रहिवाशांचं गाव नांदत होतं, हे ग्राफेनरीडला आल्यावर कळलं. मग त्याच जागेचे पैसे त्याला पुन्हा मोजावे लागले.

जमीन हे एक कारण. दुसरं, व्यापाऱ्यांची फसवणूक. तिसरं देवीची साथ. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं म्हणजे माणसांची चोरी. बायका-मुलांना पकडून गुलाम म्हणून विकलं जात होतं, अगदी वेस्ट इंडीजच्या मळ्यांपर्यंत. कोनेस्टोगाच्या दुसऱ्या पट्ट्यात मुलं काय मागत होती, ते आता ध्यानात येईल.

सप्टेंबर १७११ मध्ये लॉसन आणि ग्राफेनरीड न्यूस नदीतून वरच्या अंगाला निघाले असताना टस्करोरांच्या हाती सापडले. त्यांच्या कटेचना गावात पंचायत बसली. ग्राफेनरीड सुटला, लॉसन मारला गेला. त्यानंतर २२ सप्टेंबरच्या पहाटे दक्षिणेकडच्या टस्करोरांनी आणि शेजारच्या जमातींनी वसाहतींवर हल्ला चढवला. शंभराहून अधिक वसाहतवाले मेले, त्यात बायका आणि मुलंही होती.

मात्र सगळे टस्करोरा या लढाईत नव्हते. दक्षिणेचा प्रमुख हॅनकॉक लढला. उत्तरेचा टॉम ब्लाउंट बाजूला राहिला, आणि पुढे त्याने हॅनकॉकला धरून इंग्रजांच्या हवाली केलं. त्याला फितूर म्हणणं सोपं आहे. त्याच्या गावांचं काय झालं असतं, हा प्रश्न मात्र सोपा नाही.

उत्तर कॅरोलायनाकडे स्वतःची फौज अशी नव्हतीच. मदत दक्षिण कॅरोलायनाने पाठवली: मूठभर गोरे आणि शेकडो यामासी, चेरोकी वगैरे मूळ रहिवासी योद्धे. लूट आणि विकता येतील असे कैदी, हे त्यांचं मोठं आमिष होतं. एका जमातीला दुसरीवर सोडायचं आणि दोघींची जमीन नंतर मोजायची, ही इथली रीतच होती.

मार्च १७१३. नियोहेरोका. टस्करोरांनी इथे लाकडी तटाचा किल्ला बांधला होता. कोपऱ्यांवर बुरूज, आत जमिनीखाली खोदलेल्या खोल्या, पाण्यापर्यंत जायला झाकलेली वाट. वेढा दक्षिण कॅरोलायनाच्या कर्नल जेम्स मूरचा. २० मार्चला हल्ला सुरू झाला आणि तीन दिवस चालला. तट पेटवला गेला. खालच्या खोल्यांत लपलेल्यांना एकेक करून मारलं किंवा बाहेर ओढलं. शेकडो मेले, कित्येक त्या आगीतच. शेकडो गुलाम झाले.

(पडद्यावर: नकाशा, कॅरोलायनापासून न्यूयॉर्ककडे सरकणारी रेषा)

उरलेल्यांनी उत्तरेची वाट धरली. एकदम नाही, टोळ्याटोळ्यांनी, कितीतरी वर्षं. तिकडे पाच राष्ट्रांचा संघ होता: मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कयुगा आणि सेनेका. इतर लोक त्यांना इरोक्वॉय म्हणत, ते स्वतःला हौदेनोशोनी म्हणवतात, लांबघरात राहणारे. प्रमुखांची सभा ऑनंडागाच्या मुलखात भरे. प्रमुख पुरुष असत, पण त्यांना नेमायचं आणि चुकले तर उतरवायचं काम कुळातल्या थोरल्या बायकांचं.

१७१४ मध्ये पाच राष्ट्रांनी न्यूयॉर्कच्या गव्हर्नरला सांगितलं: टस्करोरा आमच्या आसऱ्याला आलेत. ते आमच्यातलेच, फार पूर्वी दूर गेले होते, आता परतलेत. भाषाही एकाच कुळातली होती. १७२२ च्या सुमारास टस्करोरा सहावं राष्ट्र झाले. दाखला मागितला नाही. मात्र संघाच्या सभेत त्यांच्या स्वतःच्या प्रमुखांना आसनं मिळाली नाहीत. त्यांचं म्हणणं ओनायडा मांडत. आसरा होता, बरोबरी पुरती नव्हती.

अमेरिकन क्रांतीत हा संघ फुटला. टस्करोरा आणि ओनायडांपैकी बहुतेक अमेरिकेच्या बाजूने लढले, बाकीच्यांपैकी बरेचसे ब्रिटिशांच्या. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने निघालेल्या फौजेने संघातल्या राष्ट्रांची चाळीसहून अधिक गावं आणि त्यांचं उभं पीक जाळलं.

टस्करोरांची मोठी वस्ती शेवटी नायगाऱ्याजवळ स्थिरावली. थोडी जमीन सेनेकांकडून मिळाली, थोडी जमिनींचा व्यवहार करणाऱ्या हॉलंड लँड कंपनीकडून. उरलेली, ४,३२९ एकर, त्यांनी चक्क विकत घेतली. पैसे कुठले? कॅरोलायनातल्या आपल्या जुन्या जमिनीचे. १८०९ पर्यंत ती त्यांच्या नावावर चढली. आता कागद पक्का होता.

(पडद्यावर: नायगारा घळई, वीजकेंद्र)

७ जून १९५६ रोजी नायगाऱ्याच्या काठावरचं शेलकॉफ वीजकेंद्राचा मोठा भाग कडा कोसळून घळईत गेला. नव्या केंद्राला मोठा जलाशय हवा होता. न्यूयॉर्क राज्याच्या वीज प्राधिकरणाचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांची नजर टस्करोरांच्या जमिनीवर पडली. गोऱ्यांची जमीन घेतली तर गावांचा कर बुडणार होता. या जमिनीला करच नव्हता. १९५८ मध्ये भूमापक पोलीस बंदोबस्तात आले. टस्करोरा बायका-पुरुष त्यांच्या गाड्यांपुढे आडवे झाले. मोझेस पैसे वाढवत गेले आणि लोक नाही म्हणत राहिले.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल ७ मार्च १९६० रोजी लागला, सहा विरुद्ध तीन. मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीला, म्हणजे राखीव क्षेत्राला, कायद्याने संरक्षण होतं. पण बहुमताने काय म्हटलं पाहा: ही जमीन टस्करोरांच्या स्वतःच्या मालकीची आहे, अमेरिकेच्या केंद्र सरकारची तिच्यात मालकी नाही, म्हणून या कायद्याच्या अर्थाने ती राखीव क्षेत्र नाही. खरेदीखत होतं, म्हणूनच जमीन गेली. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं, की मोठ्या माणसांसारखंच मोठ्या राष्ट्रांनीही दिलेला शब्द पाळायला हवा.

सुमारे साडेपाचशे एकर जमीन जलाशयासाठी गेली. रात्री मागणी कमी असते तेव्हा तिथे पाणी वर चढवतात, दिवसा खाली सोडून वीज काढतात. बाकीची जमीन टस्करोरांकडे आहे. तिथला कारभार आजही प्रमुखांची सभा पाहते, आणि प्रमुख कोण व्हायचं हे कुळातल्या थोरल्या बायका ठरवतात.