खांदेरीच्या तटाचे दगड

(चेंदणी कोळीवाड्याचं बंदर, पहाट)

ठाण्याची खाडी. ओहोटी लागलीय, होड्या चिखलात टेकल्यात. हेच पाणी पुढे मुंबई बंदरात जातं, आणि बंदराबाहेर दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरीचा बेटावरचा किल्ला आहे. महाराजांच्या आरमाराची सुरुवातही आपल्याच जिल्ह्यातली, कल्याण-भिवंडीच्या खाडीतली. म्हणून आम्ही ठाणेकर निघालो, मराठे आणि इंग्रज यांच्यात तिथे झालेल्या १६७९ च्या आरमारी लढाईचं आज काय उरलंय ते बघायला.

(तोफ, जवळून)

खांदेरीला आलेला जवळजवळ प्रत्येक जण हिच्याशेजारी फोटो काढतो. चाकांच्या गाड्यावर बसलेली तोफ आपल्या किल्ल्यांवर सहसा दिसत नाही. पण गाडा नीट बघा. तो लोखंडी आहे. १६७९ मध्ये तोफांचे गाडे लाकडाचे असत. ओतीव लोखंडाचे गाडे इंग्रजांनी किल्ल्यांवर आणले ते एकोणिसाव्या शतकात. म्हणजे निदान हा गाडा तरी, महाराजांसाठी या बेटावर उतरलेल्या मायनाक भंडाऱ्यांनी पाहिलेला नाही.

(हात तोफेच्या कानावरून फिरतो)

तोफेचं वय कळतं ते तिच्या अंगावरच्या खुणांवरून. पाठीवरचं राजचिन्ह, वजनाचे आकडे, कानांवरची, म्हणजे तोफ गाड्यावर टेकते त्या दोन बाजूच्या खुंट्यांवरची, ओतशाळेची अक्षरं. गंजाने त्या झिजतात, आणि रंगाचे थर चढले की बुजतात. नवा रंग लावण्याआधी त्यांचा ठसा कागदावर घ्या. आमची कळकळीची विनंती आहे.

(तट, बोटीतून)

मग लढाईच्या दिवसांतलं काय? हा तट. पुढे त्याची डागडुजी झाली, भर पडली, पण त्याची सुरुवात १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरची आहे. मायनाक भंडारी सुमारे १५० माणसं घेऊन उतरले आणि पायाचे दगड बसू लागले. इंग्रजांनी जहाजं आणून वाट अडवली. सप्टेंबरात बेटावर उतरायला गेलेला त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. रात्री किनाऱ्यावरून मराठ्यांच्या होड्या सुटायच्या, धान्य आणि सामान घेऊन. उथळ पाण्यात त्या वल्ह्यांवर निसटायच्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना तिथे शिरताच येत नसे. हे सगळं इंग्रजांनीच आपल्या पत्रांत लिहून ठेवलंय, म्हणून या दगडांची तारीख आपल्याला सांगता येते.

१८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या आरमाराचा सरदार दौलतखान याचा ताफा आला. ‘डव्ह’ हा इंग्रजांचा गुराब, म्हणजे लढाऊ गलबत, मराठ्यांच्या हाती लागला. ‘रिव्हेंज’ हे त्यांचं दुसरं जहाज मात्र लढत राहिलं.

पुढच्या वर्षी तह झाला, खांदेरी स्वराज्यात राहिली. समोरच्या उंदेरी बेटावर जंजिऱ्याचा सिद्दी बसला. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत आली.

(वेताळाचं देऊळ. मग पुन्हा तट)

नाखवा म्हणाले, ओहोटी आहे तोवर बघून घ्या. तटाच्या पायथ्याचे धोंडे आत्ता उघडे आहेत. शेवाळलेले, कालवांनी भरलेले.

(लाटांचा आवाज)