रेडिओ मोबाइलमध्ये आला, पण बातम्या उशिरा का येतात?

(टेबलावर जुना ट्रान्झिस्टर, शेजारी मोबाइल. दोन्हींवर आकाशवाणी पुणे. सकाळचे सात-पाच.)

श्श! ऐका जरा.

(ट्रान्झिस्टरवर बातम्या सुरू होतात. बऱ्याच वेळानं मोबाइलवर तेच वाक्य.)

बघितलंत? केंद्र तेच, आवाज तोच, पण मोबाइल मागे. आमचे आजोबा रेडिओवर वेळ सांगितली की भिंतीवरचं घड्याळ लावायचे. ॲपवर विसंबले असते तर रोज एसटी चुकली असती!

हा डबा ७९२ किलोहर्ट्झवर लागलाय. मीडियम वेव्ह. लहर मनोऱ्यावरून निघते आणि क्षणात सेटमध्ये येते. ॲपसाठी मात्र आवाजाचे छोटे तुकडे पाडतात, ते सर्व्हरवर चढतात, आणि आवाज तुटू नये म्हणून तुमचा फोन आधी काही तुकडे साठवतो, मग वाजवायला लागतो. क्रिकेटच्या कॉमेंट्रीला हे फार जाचतं. शेजारी "गेला!" म्हणून ओरडतो, आणि तुमच्याकडे बोलर अजून रनअप घेतोय.

दुसरी गंमत खर्चाची. मनोऱ्याला एक माणूस ऐकतोय की एक लाख, काही फरक पडत नाही. वीज तेवढीच. इंटरनेटवर प्रत्येक कानासाठी वेगळी जोडणी लागते, आणि तुमचा डेटा जातो तो निराळाच.

मग मीडियम वेव्हच बरं? छे! हे बघा.

(मोबाइलचा चार्जर ट्रान्झिस्टरजवळ आणतो. घर्रर्र.)

एलईडी दिवे, चार्जर, सगळ्यांची खरखर याच्यात शिरते. आजोबांच्या काळी घरात एवढी उपकरणं होती कुठे?

यावर खरा डिजिटल उपाय आहे डीआरएम. त्याच मीडियम वेव्हवरून डिजिटल आवाज पाठवायचा. इंटरनेट नको, खरखर नाही, वीज कमी, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन कार्यक्रम. आकाशवाणीनं तीसहून जास्त ट्रान्समीटर त्यासाठी बसवलेत. आता जा बाजारात आणि मागा डीआरएमचा रेडिओ. दुकानदार तुमच्याकडेच बघत बसेल. काही नव्या गाड्यांमध्ये तो असतो, तेही मालकाला ठाऊक असेलच असं नाही. माझ्या मते घोडं इथेच अडलंय. मनोरे आधी उभे राहिले, सेट आलेच नाहीत.

नॉर्वेनं उलटं केलं. २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम टप्प्याटप्प्यानं बंदच करून टाकलं. घ्या नवीन डिजिटल सेट! गाडीवाल्यांना वेगळे अडॅप्टर बसवावे लागले, लोक चिडले. छोटी स्थानिक केंद्रं मात्र एफएमवरच राहिली.

आपल्याकडे असं केलं तर शेतात, मोटेच्या— सॉरी, मोटारपंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवलेल्या रेडिओचं काय होईल?

तुमच्या घरी रेडिओ कशावर लागतो? डबा, गाडी की फोन? फोन म्हणालात, तर त्यात ॲपशिवायचं एफएम आहे का तेवढं बघा. असेल तर इअरफोनची वायर खोचा. तीच त्याची एरियल.