आत्याचं पोस्टकार्ड

श्रोतेहो, नमस्कार.

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून वीस-एकवीस मिनिटं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आजी बंब पेटवायला उठली होती. फळीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटायला लागले आणि आजी ओरडली, "उठा रं पोरांनू, भाईर पळा!" अंगणात येऊन उभे राहिलो, तरी घागरीतलं पाणी हिंदकळतच होतं. कोयनेचा भूकंप तो.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी सगळ्या नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकली. खुशाली विचारली आणि खाली तीन प्रश्न लिहिले. किती वाजता जाणवलं? काय पडलं? कुठल्या बाजूला पडलं? उत्तरं यायला पंधरा दिवस गेले. कराडच्या आत्यानं लिहिलं, 'माजघराची भिंत उभी चिरली. लंबकाचं घड्याळ चार-वीसला थांबलं.' सांगलीच्या मामांकडे समई कलंडली. पुण्याच्या काकांकडे टांगलेला कंदील हलला. वडिलांनी नकाशावर तांबड्या शाईनं टिंबं काढली. नुकसान जास्त तिथं टिंब मोठं. ती टिंबं कोयनानगराकडे मोठी होत गेली. कार्डं अजून माझ्या ट्रंकेत आहेत. हल्ली खुशाली फोनवर विचारतात आणि संध्याकाळी पुसून टाकतात. घरातलं महत्त्वाचं कागदावरच असावं.

अमेरिकेत शास्त्रज्ञांनी हेच काम यंत्रांनी केलं. प्रकल्पाचं नाव अर्थस्कोप. २००४ पासून सुमारे ४०० भूकंपमापक, साधारण ७० किलोमीटरला एक, असे पश्चिमेकडून मांडत नेले. एका जागी दोनेक वर्षं ठेवायचं, मग उचलून पूर्वेला न्यायचं. २०१३ मध्ये ते अटलांटिकच्या किनाऱ्याला पोचले. दूरच्या भूकंपाची लाट तापलेल्या खडकातून सावकाश जाते, थंड खडकातून भरभर. कुठं लवकर पोचली, कुठं उशिरा, हे जुळवलं की जमिनीच्या पोटातलं चित्र उमटतं. एका यंत्राचं हे काम नाही. पुन्हा सांगतो, एका यंत्राचं नाही, जाळ्याचं काम आहे.

आपल्याकडे कोयनेच्या खोऱ्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय, कातळाच्या आत बघायला. माझं मत विचाराल तर प्रत्येक तालुक्यात एका शाळेत भूकंपमापक हवा, पोरांनी रोज त्याची नोंद करावी.

तुमच्या घरी १९६७ आठवणारं कुणी असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा आणि तेच तीन प्रश्न विचारा. किती वाजता, काय पडलं, कुठल्या बाजूला. गावाच्या नावासकट लिहून घ्या.

नमस्कार.